चूल कोण पेटवते?

मी आयुष्यभर काय काम केलं, हे आमच्या गल्लीत अजून कोणाला धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं नर्स होत्या, कोणी म्हणतं इंग्रजीच्या मास्तरीण होत्या. शेजारच्या कमलताई नव्या भाडेकरूला माझी ओळख करून देतात ती अशी, की ह्या बाई दवाखान्यात बोलायच्या. ऐकताना राग येतो, पण खरं तर तेच बरोबर आहे. दारव्ह्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात बाहेरच्या प्रांतांतून डॉक्टर यायचे. त्यांना मराठी येत नसे, पेशंटला इंग्रजी येत नसे, आणि दोघांच्या मधे एका लाकडी स्टुलावर मी. याचं तिला सांगायचं, तिचं याला सांगायचं. दुभाषी हा शब्द पगारपत्रकात होता. पेशंट मला इंग्रजीवाली बाई म्हणायचे.

नवरा लवकर गेला, पदरात मुलगी होती, आणि हातात इंग्रजीची एम.ए.ची पदवी. त्या पदवीत मोठमोठी नाटकं होती, कविता होत्या. "पोटात कसं दुखते" हे एकाही पुस्तकात नव्हतं.

लोकांना वाटतं, या कामात अवघड म्हणजे रोगांची लांबलचक नावं. छे! नावं दोन महिन्यांत पाठ होतात. मला घाम फुटायचा तो बारक्या शब्दांनी. मोस्ट, सम, फ्यू, ऑल, बेस्ट, वर्स्ट. इंग्रजी बोलणारा माणूस हे शब्द शेंगदाण्यासारखे येता-जाता तोंडात टाकतो. कशातलं सगळ्यात चांगलं, कशातलं सगळ्यात वाईट, किती जणांपैकी बहुतेक, किती जणांपैकी काही, असं प्रत्येक गोष्टीला माप लावायची त्याला सवय असते. आमच्याकडे मापाची दोन्ही टोकं माणूस तोंडानं बोलत नाही. सगळ्यात चांगलं म्हटलं की नजर लागते. सगळ्यात वाईट म्हटलं की ते खरं होते, आणि वरून समोरच्याला वाटते की हा काही मागायला आला. म्हणून सगळे मधल्या जागेत राहतात. कसं हाय? बरं हाय. सोयाबीन पाण्यात गेलं तरी बरं हाय, पोरगी मेडिकलला लागली तरी बरंच हाय.

आता अशा मुलखात डॉक्टर सुझन आल्या. केरळच्या. उंच, चालताना घाई, मनानं फार चांगल्या. बाकीचे डॉक्टर वर्षभरात कंटाळून जात, या मात्र राहिल्या, आणि माझी बरीचशी नोकरी त्यांच्याच शेजारी गेली. त्यांना कौतुक करायची खोड होती. जखम पाहिली की एक्सलंट, रिपोर्ट पाहिला की वंडरफुल. मी तेव्हा नवीन होते, प्रामाणिक होते, शब्दाला शब्द द्यायची. शुगरवाल्या एका काकांचं पायाचं बोट काढलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, खूश होऊन एक्सलंट म्हणाल्या, आणि मीही तोंड भरून "उत्कृष्ट!" म्हटलं. काकांनी आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोट गेलं माहं, अन् उत्कृष्ट काय त्याच्यात?" म्हणाले. त्यांचं काय चुकलं? तेव्हापासून एक्सलंटचं मराठी मी "जखम भरून राह्यली काका" असं करू लागले.

ढाणकीच्या एका आडत्याची बायको नातवाला घेऊन आली होती. तिची लेक दारव्ह्यात दिलेली, बाळंतपणानंतरची तपासणी होती. पोरगं होतंही गोरंगोमटं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी पाहिलेलं हे सगळ्यात सुंदर बाळ आहे. त्यांचा चेहराच इतका फुलला होता, की न सांगताही आजीला अर्थ कळला असावा. तिनं पटकन पोराच्या तोंडावर पदर ओढला. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, पोराले तीट लावत जा." आजी निवली, हसली, आणि पदर बाजूला केला. सगळ्यात सुंदर याचं याहून चोख भाषांतर मला आजही सुचत नाही. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवर खूश होते.

पण सगळं असं हसण्यावारी जात नसे. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना सांगावं लागतं, की बहुतेक पेशंट नीट होतात. इंग्रजीत मोस्ट म्हटलं की माणसाला धीर येतो. आमच्याकडे बहुतेक म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टरलाच खात्री नाही. मग मी म्हणायची, गाडीभर माणसं गेली तर एखाद-दुसरा सोडून सगळे घरी चालत येतात. एकदा एका बाईनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तो एखाद-दुसरा कोण असते? मी डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्यांनी उठून त्या बाईचा हात धरला. त्या दिवशी भाषांतराला मला कामच उरलं नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत दुखण्याची. डॉक्टरला कळायला हवं की थोडं दुखतं, जास्त दुखतं की सहन होण्यापलीकडे दुखतं. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता लावला. पहिला चेहरा हसरा, मग हळूहळू उतरत गेलेले, शेवटचा ढसाढसा रडणारा. पेशंटनं आपल्या दुखण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. एका म्हातारबुवांनी विचारलं, हे कोणाच्या घरचे फोटो हायेत? बाकीच्यांनी आल्या आल्या सरळ हसऱ्यावर बोट ठेवलं. दवाखान्यात चार लोकांसमोर रडणाऱ्याला कोण हात लावणार? असं अपशकुनी काम आमच्या बाया करत नाहीत. पित्ताशयात खडे असलेली बाईसुद्धा हसऱ्यावर बोट ठेवून मोकळी व्हायची, आणि डॉक्टरीणबाई डोकं धरून बसायच्या.

मग मी बायांसोबत आलेल्या बायांचं बोलणं ऐकू लागले. त्या कधीच "हिले लय दुखते" म्हणत नाहीत. त्या म्हणतात, हिनं येचायले येणं सोडलं. म्हणजे कापूस वेचायला. किंवा म्हणतात, आता पाणी हिची जाऊ भरते. आणि फारच झालं तर आवाज खाली आणून म्हणतात, परवापासून सुनेनं चूल हाती घेतली. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. यांचं माप शब्दांत नव्हतं, सुटलेल्या कामात होतं. बाई वेचायला जाते तोवर थोडं. वेचणी सुटली, पण चूल सुटली नाही, तोवर बरंच. आणि तिच्या घरात तिच्या जिवंतपणी दुसऱ्या कोणी चूल पेटवली, की समजावं ते टोकाचं दुखणं. इंग्रजीतलं वर्स्ट म्हणजे हेच. मी किती दुखते हे विचारणंच बंद केलं. पेशंट बसली की विचारायची, चूल कोण पेटवते? डॉक्टरीणबाईंना ही युक्ती इतकी पटली, की मी पाणी प्यायला उठले तर त्या स्वतःच "चूल कोण?" एवढं विचारून माझी वाट पाहत. तक्ता आम्ही काढून टाकला.

या युक्तीचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे.

जमनाबाई आली ती दिवाळीनंतर, वेचणी जोरात असताना. जवळच्या तांड्यावरची, साठी ओलांडलेली, हातात पांढरे बलोते, म्हणजे जाड बांगड्या, अंगावर धुवट साडी. बंजारा बाया एरवी घोळक्यानं येतात, ही एकटीच पायी आली होती. भिंतीला टेकून खाली बसली. बाकावर बस म्हटलं तर म्हणाली, अथीच बरं हाय.

त्या दिवशी दवाखान्याची गाडी यवतमाळला जाणार होती. पोट उघडायचं काम आमच्याकडे होत नसे, त्यासाठी यवतमाळ. गाडीत आधीच एक बाळंतीण आणि तिची आई होती, आणि आडवं झोपून जाणाऱ्या एकाच माणसापुरती जागा उरली होती. ती कोणाला द्यायची हे डॉक्टरीणबाईंना ठरवायचं होतं. बाहेर वणीकडचा एक ट्रक ड्रायव्हर लोळत होता. कोळसा खाली करून परत जाताना त्याच्या कमरेत कळ आली होती, ट्रक रस्त्याच्या कडेला लावून क्लीनरनं त्याला आणलं. त्याला मापाची काही अडचण नव्हती. असं दुखणं दुनियेत कोणाला झालं नाही, आई आठवली, बाप आठवला, मर गया रे बाप्पा, असं तो सगळ्या आवाराला सांगत होता. मुतखडा असावा. मुतखडा दुखतो तेव्हा खोटं कोणी ओरडत नाही, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

डॉक्टरीणबाईंनी जमनाबाईचं पोट तपासलं. म्हाताऱ्या माणसाचं पोट हाताला सगळं सांगत नाही, असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांच्या मनात शंका होती, पण खात्री होत नव्हती. त्यांनी मला विचारलं, आजी काय म्हणते? किती दुखतं?

आजी म्हणत होती, थोडंसं.

मी माझा प्रश्न विचारला. चूल कोण पेटवते?

"मीच पेटवतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया पेटवतो, जातो असंच बोलतात.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चूल स्वतः पेटवते. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी गोळ्या लिहिल्या, दोन दिवसांनी परत ये म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला गाडीत घ्यायला सांगायला बाहेर गेल्या. गाडी सुरू होऊन उभी होती.

मी जमनाबाईला हाताला धरून उठवलं. तिचा हात गार होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आता घरी जाऊन चहा मांडा, चहासोबत गोळी घ्या. ती भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, आता घरोघर विस्तव मागत फिरा लागन.

"काहून?"

"चुलीत पाणी टाकून आलो ना बाई. बकरी शेजारणीले देऊन देल्ली."

शहरातल्या वाचकाला हे सांगितलं पाहिजे. चालत्या घरातली चूल कोणी पाणी ओतून विझवत नाही. सिलिंडर घरोघर आले, तरी ते भरून आणणं परवडत नाही तिथे अजून चूलच चालते. स्वयंपाक झाला की निखारे राखेत झाकून ठेवायचे, सकाळी राख फुंकली की पुन्हा विस्तव तयार. घर सोडून जायचं असेल, परत यायचं नसेल, तेव्हाच चुलीत पाणी ओततात. मी तिला विचारलं, राखेत झाकून का नाही ठेवला? तिनं मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं.

"मांगं कोण हाय पाहायले? मी गेल्यावर झोपडी पेटली म्हंजे?"

तिला दुसरं कोणी नव्हतं. नवरा, मुलगा, दोघंही गेलेले. माझ्या प्रश्नाचं तिनं खरं उत्तर दिलं होतं. चूल तिनंच पेटवली, कारण ती सुटली असती तर धरणारा दुसरा हातच घरात नव्हता. एकट्या बाईचं काम कधी सुटतच नाही. ती एकदम पाणीच ओतते.

मी धावले. माझ्या वयाला आणि वजनाला ते शोभलं नसेल. ड्रायव्हरचा एक पाय गाडीत होता. मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं समजावत बसले असते तर चूल, राख, विस्तव, बकरी यातच गाडी गेली असती. माझं काम दुसऱ्याचे शब्द पोचवायचं. त्या दिवशी मी जमनाबाईनं न उच्चारलेला शब्द तिच्या नावानं बोलले. मी म्हटलं, डॉक्टर, शी सेज इट इज द वर्स्ट.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणाली ती?"

"हो," मी म्हटलं.

ड्रायव्हरला त्यांनी सुई टोचली आणि पुढच्या सीटवर बसवलं. त्यानं भांडण केलं नाही, उलट जमनाबाईला आडवं करताना तिचं डोकं त्यानंच धरलं. यवतमाळपर्यंत तो पुढे बसून मोठ्यानं रडत गेला, आणि मागे ती गप्प पडून होती, असं गाडीवाल्यानं सांगितलं. तिचं आतडं फुटलेलं होतं. त्या दिवशी ऑपरेशन झालं म्हणून वाचली. घरी गेली असती तर रात्र निघाली नसती, असं तिथल्या सर्जननं कळवलं.

डॉक्टरीणबाईंनी माझं फार कौतुक केलं. त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे जगातली बेस्ट दुभाषी वगैरे. मी मनातल्या मनात स्वतःला तीट लावून घेतली.

जमनाबाई नंतर बाजाराच्या दिवशी यायची. दुखत काही नसे. माझ्या स्टुलाजवळ खाली बसायची, पेशंट येताना-जाताना पाहायची. बकरी तिनं परत मागून आणली होती, कधी वाटीभर दूध आणायची. मी तिला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मधेच वेळ मिळाला की मी विचारायची, याडी, चूल पेटली का आज? पेटली ना, म्हणायची, आणि हसायची. कोणीतरी रोजचं असं विचारावं, एवढ्यासाठी ती तेवढं चालत यायची. तेव्हा मला ते कळत होतं, आता जास्त कळतं. पुढे ती झोपेतच गेली. तिच्या घरातून सकाळी धूर निघाला नाही, हे शेजारणीच्या लक्षात आलं, तेही बकरी ओरडत होती म्हणून.

मग डॉक्टरीणबाईंची आई आजारी पडली आणि त्या केरळला गेल्या. त्यांच्यानंतर आले ते डॉक्टर मराठी बोलणारे होते. चांगलंच झालं, पेशंटच्या दृष्टीनं त्याहून चांगलं काय? एखादा बाहेरचा आलाच तर मोबाइल भाषांतर करतो. माझं स्टूल औषधांच्या खोलीत गेलं, त्यावर चढून वरचे खोके काढतात. मी निवृत्त झाले.

मुलगी रेवती परदेशात असते. तिचा नवरा, मुलं, नोकरी, सगळं छान आहे. बरं आहे, म्हणते मी. रोज सकाळी तिचा मेसेज येतो, "ऑल गुड?" इंग्रजीत ऑलपेक्षा मोठा शब्द नाही, आणि त्याचं उत्तर मी एक अंगठा दाखवून देते. नात बोलते ते तर सगळं टोकावरच. बेस्ट आजी, स्वीटेस्ट आजी, मिस यू द मोस्ट. लेकरू मनापासून म्हणते, मला काही शंका नाही. पण मोस्ट म्हणून झालं की ती फोन आईकडे देते आणि खेळायला जाते. मग घरात फ्रीजचा आवाज येत राहतो. मला एकटं वाटतं. हे वाक्य मी मराठीत कधी कोणाला म्हटलं नव्हतं, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

यंदा पोळ्याच्या सुमारास एका सकाळी माझ्या छातीखाली दुखू लागलं. ते पित्त निघालं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच काळजी करत बसाल. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. दवाखान्यात दाखवून यावं म्हणून मी उठले. दूध कमलताईंकडे दिलं, मांजर येतं म्हणून सांगितलं. सिलिंडरचं बटण बंद केलं. फ्रीजमधली भाजी काढून गाईला टाकली आणि फ्रीजची पिन ओढली. पिन हातात धरून मी तशीच उभी राहिले. दोन तासांसाठी दवाखान्यात जाणारी बाई फ्रीज कशाला बंद करते? मीसुद्धा चुलीत पाणी ओतलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ऑल गुड? त्या दिवशी मी अंगठा दिला नाही. लिहिलं, "थोडं दुखतंय." लगेच उत्तर आलं. टेक केअर आई, गोळी घे, यू आर द स्ट्राँगेस्ट! पुढे लाल बदाम. तिचा दोष नाही. थोडं म्हणजे थोडं, असंच मी तिला इंग्रजी शाळेत घालून शिकवलं.

ऑटो करून त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, हसतमुख, इकडचाच पोरगा, मराठी माझ्यासारखीच. मधे स्टूल नव्हतं, त्याला कोणाची गरजही नव्हती. त्यानं छातीचा ईसीजी काढला, पोट दाबून पाहिलं, आणि विचारलं, "मावशी, किती दुखतं? थोडं, मध्यम, का खूप?"

"थोडं," मी म्हटलं.

त्यानं ते कॉम्प्युटरवर टाइप केलं. गोळ्या लिहिल्या, तिखट कमी खा म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, अजून काही? मी उठले नाही. पदर नीट केला, पिशवी मांडीवर घेतली, आणि तो पुढचा प्रश्न विचारेल म्हणून बसून राहिले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग दाराकडे पाहून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.